बायोडाटातून गायब झालेला खंड

परवा विद्यानगरच्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते. आणि माझा विषय बायोडाटातून गायब होता!

मी आफ्रिकन स्टडीजमध्ये एम.ए. केलंय. तिथला समाज, अर्थकारण, राजकारण... दोन वर्षं जीव ओतून शिकले. बाबांनी मात्र नुसतं 'एम.ए., फर्स्ट क्लास' छापलं. लोक नाही नाही ते विचारतात, म्हणे. माझ्याच बापाला माझ्या डिग्रीची लाज वाटावी... फार लागलं मला ते.

मुलाच्या वडिलांचं अफझलगंजला डाळींचं होलसेल दुकान. त्यांनी विषय विचारला, मी सांगून टाकला. काका मोठ्यांदा हसले.

"आफ्रिका? तिथं शिकन्यासारखं काय हाय बेटा? जंगल, जनावरं... हौ की नै?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पाचच मिनिटांपूर्वी हे गृहस्थ बाबांना सांगत होते की त्यांची निम्मी तूर टांझानियाहून येते, आणि यंदा तिथल्या लोकांनी माल अडवून धरलाय. "कायकू अडवला, देव जाणे!"

देव कशाला, मी जाणते की! माझा प्रबंधच त्यावर आहे. तिथे तूर पेरतात ती मुख्यतः आपल्यासाठी, आणि शेतकऱ्यांच्या सोसायट्या तिचा लिलाव करतात. आपल्याकडे आयातीचा नियम बदलला की तिथला भाव कोसळतो, मग सोसायट्या विकायलाच नकार देतात. यंदाही तेच झालंय... पोह्यांचा ट्रे हातात धरूनच मी हे सगळं ऐकवलं. आवाज चढला होता, चढू दे.

"हे आमच्या दलालाला पन माहीत नै," काका म्हणाले. मला वाटलं, पटलं बहुतेक.

मग बायकोकडे वळून म्हणाले, "पन घरातल्या पोरीला याचा काय उपयोग?"

ज्यांच्या तुरीवर यांचं दुकान चालतं, ती माणसं कोण, कशी जगतात, हे यांना कधी विचारावंसंही वाटलं नाही. आणि ज्याला वाटतं, तो बिनकामाचा! माझा राग अजून उतरलेला नाही.

तेवढ्यात बाबा उठले. टीपॉयवरचा बायोडाटा उचलला, खिशातलं पेन काढलं आणि 'एम.ए.'च्या पुढे लिहिलं... आफ्रिका अभ्यास. कागद काकांच्या हातात देत म्हणाले, "हे लिहायचं राहून गेलं होतं. चूक माझी."

स्थळ अर्थातच जमलं नाही. बाबा आज हिमायतनगरला नवीन बायोडाटा छापायला गेलेत, आणि विषय ठळक अक्षरात टाकू का, असा आत्ताच त्यांचा फोन आला... थँक्यू, बाबा.