शेडमधली पिवळी रेघ

राघोत्तमरावांनी हट्टाला पेटायचं ठरवलं, की वसंताबाई चहाही विचारून करत नसत. करून समोर ठेवत आणि बाजूला होत. यंदा हट्ट शेडचा होता.

वेलचेरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या बागेत पत्र्याची भलीमोठी शेड होती. मागच्या पुरात तिच्यात पाणी शिरलं आणि कोयते, खुरप्या, फवारणीचे पंप, सगळं गंजून मातीमोल झालं. सेक्रेटरी कृष्णस्वामींनी तेव्हाच सांगून टाकलं होतं: पुन्हा सामान भिजलं तर शेड पाडून स्कूटरी लावायच्या आणि बाग कंत्राटदाराला द्यायची. म्हणजे नऊ वर्षं ती बाग वाढवणाऱ्या कनकाला घरी बसवायचं. राघोत्तमरावांना हे मुळीच पटलं नाही. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तीस वर्षं टूलरूम सांभाळलेला माणूस तो, हत्यारांची आबाळ त्यांना बघवत नसे.

त्यांनी आधी सगळी शेड रिकामी केली. भिंतीवर पाण्याचा डाग चढला होता तिथे चारी बाजूंनी पिवळ्या रंगाची रेघ मारली, अगदी लेव्हल लावून. मग रेघेच्या वर लोखंडी अँगल, फळ्या, हुक. खतांची पोती सर्वांत वरच्या फळीवर. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार काळ्या रंगात रंगवलेला, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच कळावं. सहा आठवडे घाम गाळला आणि मग वसंताबाईंना आणि कनकाला बोलावलं.

"पाहा, अस्कि सामान वर आहे कीं आता," ते तंजावरी मराठीत वसंताबाईंना म्हणाले. त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

कनका हात उंच करून चवड्यांवर उभी राहिली. तिची बोटं फावड्याच्या खाली वीतभर थांबली.

"सार, पुरापासून वाचलं," ती तमिळमध्ये म्हणाली, "माझ्यापासूनही वाचलं."

सहा फुटी राघोत्तमरावांनी सगळी उंची स्वतःचा हात पोचेल तशी मोजली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टूल आणून देणं सोपं होतं, पण रोज वीस वेळा स्टुलावर चढायला लावणं त्यांच्या मनाला पटेना. दुसऱ्याच दिवशी ते जुन्या कारखान्यात गेले आणि मोडीतली एक चेनपुली मागून आणली. कारखान्यात जड साचे उचलायला वापरतात ती. रोजच्या हत्यारांची एक मोठी लोखंडी चौकट केली आणि छताच्या तुळईला टांगली. खाली सोडली की कनकाच्या खांद्याशी, साखळी ओढली की पिवळ्या रेघेच्या बरीच वर.

आयुधपूजेच्या दिवशी खाली उतरवलेल्या चौकटीवरच्या एकूण एक हत्याराला चंदन-कुंकू लागलं, चुरमुरे-गुळाचा नैवेद्य झाला. पूजेतल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा राघोत्तमरावांचा तीस वर्षांचा दंडक. त्यासाठी त्यांनी एकदा मॅनेजरलाही परत पाठवलं होतं.

दुपारी दोनला आभाळ फुटलं. साडेचारला पाणी शेडच्या उंबऱ्यावर आलं, पाचला चौकटीच्या तळाशी टेकलं. राघोत्तमराव गुडघाभर पाण्यात उभे होते. हात पुढे जाईना, मागेही येईना. दारात छत्री घेऊन कृष्णस्वामी येऊन ठेपले.

"अहो, बेगीन काय तें करा," त्यांच्या मागून वसंताबाई म्हणाल्या.

"पूजेतलं आहे. हात कसा लावूं?"

कनका पाणी कापत पुढे आली. तिने चेनपुली नीट न्याहाळली.

"सार, हिला कुंकू लावायचं तुम्ही विसरलात."

राघोत्तमरावांनी पाहिलं. खरंच, सगळ्या हत्यारांच्या नादात पुली तशीच कोरडी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या चुकीचा त्यांना आनंद झाला.

"ओढ," ते म्हणाले.

कनकाने साखळी धरली. खडखड करत चौकट वर गेली, कुंकवाच्या टिकल्यांसकट, एकाही हत्याराला कुणाचं बोट न लागता. पाणी पिवळ्या रेघेखाली हातभर थांबलं. कृष्णस्वामींनी वर पाहिलं, छत्री मिटली आणि कनकाला विचारलं, "उद्या पाणी उतरल्यावर कामाला किती वाजता येशील?"

सकाळी राघोत्तमराव चंदनाची वाटी घेऊन शेडमध्ये गेले आणि पुलीला टिळा लावू लागले. कनकाने त्यांचा हात अडवला.

"नको, सार. हिला दर वर्षी विसरा."