वामकुक्षी आणि शून्य सावली

ठाण्यात आमच्या कोपरीतल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागत होती, नेमक्या त्याच आठवड्यात मी व्हिएतनाममधल्या एका शाळेत शिकवायला निघाले. संशोधनाच्या कामावर रुजू होण्याआधी थोडे दिवस हाताशी होते. प्रवास करावा आणि त्यातच स्वयंसेवक म्हणून मुलांना विज्ञान शिकवावं, असा सरळ बेत होता. आईने थालीपिठाची भाजणी बांधून दिली आणि तिकडे तवा मिळेल का, ही शंका विमानतळापर्यंत सोडली नाही.

दा नांगहून दक्षिणेला निघालं की डाव्या हाताला समुद्र असतो. होइ आन या जुन्या बंदराबाहेर, नदीकाठी ती शाळा होती: पिवळ्या भिंती, लांब ओसरी आणि अंगणात मधोमध ध्वजस्तंभ. इंग्रजीची शिक्षिका लिन्ह माझी दुभाषी झाली. तिने भेटताक्षणी माझं वय विचारलं. तिथे वय कळल्याशिवाय समोरच्याला काय हाक मारायची ते ठरत नाही. मी तिची ‘एम’ (धाकटी बहीण) ठरले आणि दुपारी मुलांना सांभाळणाऱ्या लानबाई आम्हा दोघींच्या ‘बाक’ (आईवडिलांहून मोठ्या काकू).

दुपारचं जेवण लवकर होई: भात, गुळचट रश्श्यातला मासा, नाळीच्या भाजीचं सार. मग बाकं भिंतीला लागत, ‘चिएउ’ (लव्हाळ्याच्या चटया) अंथरल्या जात आणि अख्खी शाळा झोपे. मला डोंबिवलीच्या मावशीकडच्या दुपारी आठवल्या. ओढलेले पडदे, कुरकुरणारा पंखा आणि ‘पडा गं मुकाट्याने’ ही मावशीची आज्ञा. वामकुक्षी ही आपलीच मिरास आहे, असं मी उगाच समजत होते.

ही शाळा मी एका विशिष्ट हेतूने निवडली होती. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, आपल्या पट्ट्यात, वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. ठाण्यात हा दिवस मे महिन्यात येतो, तेव्हा शाळा बंद. पुन्हा जुलैअखेरीस येतो, तेव्हा आभाळ बंद. विज्ञानाच्या बाई दरवर्षी हे समजावत आणि आम्ही दरवर्षी नुसती आकृती काढत असू. पुढे मी गच्चीवर एकटीने तो क्षण पाहिला. सगळ्या वर्गाने मिळून पाहायचं मात्र राहूनच गेलं. होइ आनमध्ये तो दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि तिथली शाळा मेअखेरपर्यंत चालते. एका तरी वर्गाला तो क्षण एकत्र दाखवायचा, एवढं मनाशी पक्कं केलं होतं.

एकच गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. तो क्षण बरोबर झोपेच्या वेळेत येत होता.

मी लानबाईंकडे परवानगी मागितली. त्यांनी चटया झटकणं थांबवलं नाही.

“बाक म्हणतात, सूर्याला सांग, दीड वाजता ये,” लिन्हने भाषांतर केलं.

पुढची संधी ऑगस्टमध्ये, तेव्हा तुमची सुट्टी असते, असं मी समजावून सांगितलं.

“झोपमोड झालेली पोरं दुपारभर रडतात. तेव्हा ही एम कुठे असते? गावात कॉफी पीत.” हे वाक्य लिन्हने जरा जास्तच मन लावून पोहोचवलं.

आरोप खरा होता. माझा तास संपला की मी निघून जात असे. त्या दिवशी मुलं रडली तर मी थांबेन, आणि परतेपर्यंत रोजच थांबेन, असं मी म्हणाले. लानबाईंनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं.

शून्य सावलीच्या दिवशी चटया ओसरीवर आल्या, अंगणाकडे तोंड करून.

“उठायचं नाही. बोलायचं नाही,” लानबाईंनी मुलांना बजावलं. “डोळे उघडे असले, तर मी पाहिलेलं नाही.”

मी तयार केलेले प्रश्न गिळून गप्प बसले. स्तंभाची सावली आखडत बुंध्याशी आली आणि विरून गेली. काही मुलं तोवर गाढ झोपली होती. उरलेली हातावर गाल टेकून एकटक बघत होती. लानबाई उन्हात गेल्या, त्यांनी ‘नोन’ (शंकूच्या आकाराची टोपी) काढली आणि स्वतःच्या दोन्ही बाजूंना वाकून पाहिलं.

परत आल्यावर त्या लिन्हच्या कानात काही कुजबुजल्या. लिन्हने ते माझ्यापर्यंत पोहोचवलं: “इतकी वर्षं याच वेळी मी फक्त ही पोरं झोपली का, तेवढं बघत आले.”

दुपारी मुलं खरोखरच रडली. मी थांबले होते.

सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकत होता. मी त्याच्या आधी ठाण्यात पोहोचले. ठाण्याची पाळी आली त्या सकाळी मी शाळेच्या जुन्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, की साडेबारानंतर उन्हात उभे राहा आणि पायाशी बघा. ‘आता परीक्षा पण घेणार काय?’ असं पहिलं उत्तर आलं. साडेबारा उलटल्यावर मात्र एकेक जण बोलू लागला. कल्याणहून वैशाली: ‘भाजी मार्केटमध्ये उभी आहे. माझं काहीतरी पडलंय समजून लोक पण शोधतायत. गेली गं सावली!’ डोंबिवलीहून निखिल: ‘मीटिंग सोडून जिन्यात गेलेलो. तिथे सावलीच सावली. येडा आहे मी. आता रस्त्यावर आलोय.’ खडवलीहून सुजाता: ‘पोरांना बाहेर काढलंय. सासूबाई विचारतात, ग्रहण आहे का?’

इतकी वर्षं मला वाटे की वर्ग पांगला, तेव्हाच ती संधी गेली. हा निष्कर्ष मी पुरेशा पुराव्याविना काढला होता. त्या दुपारी, चार गावांत, आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो.