नळीच्या टोकाचं कुंकू

आमचे हे नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझ्या तोंडाकडे कधी नीट बघत नसत. म्हणून एका डॉक्टरीणबाईंसाठी ते माणसाच्या घशात बघायची नळी करायला बसले, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सत्तरनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील.

बाई कान-नाक-घशाच्या डॉक्टर. परदेशी दुर्बीण परवडेना, आणि घशात आरसा धरून बघावं तर आतलं पुरतं दिसेना. मग ह्यांनी पितळेची बोटभर जाड नळी घेतली. आत भिंगं, टोकाला तिरपी काच, शेजारी गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब. नळीच्या जोडांना कथलाचा डाग द्यायचा तो माझ्या स्टोव्हवर! ऐन भाकरीच्या वेळेला घरभर राळेचा वास. आणि बोलणं काय, तर डॉक्टर म्हणाल्या उजेड कमी पडतो, डॉक्टर म्हणाल्या भिंग जरा पुढे घ्या. डॉक्टर म्हणाल्या असत्या तर ह्यांनी मिशासुद्धा उतरवल्या असत्या. रविवारी बाई घरी यायच्या, दोघं डोक्याला डोकं लावून त्या नळीत बघायची, आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी. बाई स्वभावाने चांगल्या होत्या हो, तेच तर दुखणं. वाईट असत्या तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्यात माझा आवाज बसला. मी शाळेत पहिलीच्या वर्गावर होते, आवाजावरच पोट. गणपतीत बसलेला आवाज नवरात्र आलं तरी उठेना, आणि ह्यांना पत्ता नाही. माझी आई राहात्याहून आली ती दारातच म्हणाली, "अगं, आवाज लई फाटलाय की तुझा! जावईबापूंच्या ध्यानात येत न्हाई व्हय?"

हे ओशाळले आणि मला बाईंकडे घेऊन गेले. बाई म्हणाल्या, गाठ असेल तर पुण्याला न्यावं लागेल, आधी बघू. नळी तयार होतच आली होती. म्हणजे तिची पहिली पेशंट मीच.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळी, पान्हा, कानस, आणि ती नळी. सवत असली तरी हत्यार ते हत्यार. मी तिला हळदकुंकू वाहिलं, चांगलं टोकाला, भरपूर.

दसरा झाल्यावर दवाखान्यात गेलो. बाईंनी नळी स्पिरिटने पुसली, फडक्यात धरून माझी जीभ बाहेर ओढली आणि म्हणाल्या, "ई म्हणा." मनात बोलायचं इतकं साठलेलं, आणि जीभ नेमकी हिच्या चिमटीत!

मी ई केलं. बाईंनी एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. "सर, तुम्ही बघा."

ह्यांनी डोळा लावला. "लाल आहे," हे म्हणाले. "उजवीकडे सगळं लाल दिसतंय." माझ्या खांद्यावरचा ह्यांचा हात थरथरायला लागला. गाठीची भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मेले तरी चालेल, म्हटलं, माझ्यासाठी हात तर थरथरला.

बाईंनी नळी खिडकीपाशी नेली आणि नखाने टोक खरवडलं. कडेखाली अडकलेलं कुंकू स्पिरिटने विरघळून काचेवर उतरलं होतं. नळी पुन्हा पुसली, पुन्हा ई केलं. गाठ नव्हती. नुसती सूज होती, ओरडणं बंद केलं की उतरणारी.

हे पोरासारखे उडालेच. "म्हणजे आपल्या भिंगात दोष नाही, डॉक्टर! एवढासा डागसुद्धा दिसला!"

बाईंनी नळी खाली ठेवली. "सर," त्या जरा रागानेच म्हणाल्या, "आधी त्यांच्याकडे बघा."

तेव्हा हे वळले, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट, डोळे भरून बघितलं.

मी मान फिरवली. तेवढंसुद्धा डॉक्टर म्हणाल्या म्हणून.