खडपावरची कालवं

दिवाळी सरली की मोठ्या ओहोटीला समुद्र इतका मागे जायचा की एरवी पाण्याखाली असणारी खडपं, शिंपल्यांनी भरलेले ते खडक, उघडी पडायची. त्या दिवशी आमच्या वाडीतल्या बायका कालवं काढायच्या आणि तिथेच किनाऱ्यावर तीन दगड मांडून शिजवून खायच्या. वर्षातल्या त्या एकाच दिवशी बाई आधी जेवायची. तांदळाची भाकरी, कांदाखोबऱ्यातलं कालवांचं सुकं आणि एकमेकींच्या सासवांच्या नकला. हसून हसून ठसका लागायचा.

कालवं काढायला मला आतेने शिकवलं. ती विधवा होऊन माहेरी आलेली. भावाच्या जिवावर खाते असं कुणी म्हणू नये म्हणून कालवं विकून स्वतःचं भागवायची. कोयतीच्या टोकाने वरचं शिंपलं उडवायचं, आतलं मांस काढायचं आणि खालचं शिंपलं खडकालाच राहू द्यायचं. त्यावरच पुढची पिल्लं धरतात. घाईत मी एखादं मुळापासून उपटलं की हातावर चापट बसायची.

साठ सालानंतर कधीतरी गावातल्या एका बड्या गृहस्थांचा आमच्या या जेवणावर डोळा गेला. तालुक्याचे साहेब यायचे होते. शाळेच्या पटांगणात मांडव पडला आणि ‘कालवांचा उत्सव’ ठरला. बायकांच्या हातून एवढी कालवं वेळेत निघायची नाहीत म्हणून गड्यांना पहारी देऊन पाठवलं. त्यांनी खडपाच्या ढलप्याच काढल्या, शिंपल्यांसकट, पिल्लांसकट. आते गुडघाभर पाण्यात उभी राहून सांगत होती, खालचं शिंपलं सोडा. गड्यांतला एक म्हणाला, "तुका काय कळता? गप टोपली धर."

तिने धरली. ती टोपली त्याच्या पाठीत घालायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मांडवात साहेबांनी ढेकर देऊन कोकणी आदरातिथ्याची तारीफ केली. गृहस्थ हात जोडून असे हसत होते, जणू खडपं यांनीच पेरली होती. पुरुषांच्या पंगतीवर पंगती उठल्या. ज्यांचा तो दिवस, त्या बायका वाढत होत्या.

पुढच्या वर्षी खडपावर नुसते पहारींचे ओरखडे होते. आतेने त्यांवरून हात फिरवला, कोयती कमरेला खोचली आणि घरी आली. मग ती लोकांचं भात कांडू लागली. त्या गृहस्थांच्या घरचंही.

त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. पण एक गोष्ट घरात कधी सांगितली नाही. मी तेव्हा मॅट्रिकला होते, सगळं कळण्याइतकी मोठी. त्या मांडवात शेवटी आम्हा शाळेतल्या पोरींचीही पंगत बसली. आते माझ्या पानाशी आली तेव्हा मी म्हटलं, अजून वाढ. तिने पळीभर वाढलं आणि हळूच म्हणाली, "खा गो बाये. खडपार आता काय एक उरूक नाय."

मी ते नीट ऐकलं. आणि पान चाटूनपुसून खाल्लं.