जपून ठेवलेलं

रविवारी डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठी मोफत प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "रोज बॅकअप कोण घेतं?" सगळे हात वर. "त्यातून डेटा परत येतो का, हे कोणी करून पाहिलंय?" सगळे हात खाली, आणि वर खसखस पिकली!

माझं डोकंच फिरलं. अरे, लोकांचे पगार, रक्ताचे रिपोर्ट आपल्या भरवशावर आहेत, आणि हसता काय? नुसतं जपून ठेवलं की जबाबदारी संपली?

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "अहो, अजून तशी वेळच आली नाही."

तणतणतच घरी आलो. दाराला कुलूप, माझी किल्ली आत. समोरच्या काकूंकडे ठेवलेली जादा किल्ली मागितली. ती फिरेचना. कुलूप आम्ही दिवाळीतच बदललं होतं.

काकू म्हणाल्या, "मी मात्र अगदी जपून ठेवली होती हो!"