फ्रेंच बाईने मराठीतून दाखवलेलं नाशिक

मी मुळात चुका काढायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कौतुक करायला लागले की तुम्हाला वाटायला नको, ही बाई पैसे घेऊन लिहितेय.

झालं असं की ऑफिसातल्या वर्षाने एक मेसेज पाठवला. नाशिक, तीन दिवस, दहा जणांचा ग्रुप, सगळं मराठीतून, सोबत मार्गदर्शक ओदील, फ्रान्स. वाचला आणि चहा नाकात गेला. माझ्या मावशीचं सासर नाशिकचं. अख्ख्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथे काढल्यात. आता मला फ्रान्सची बाई नाशिक दाखवणार? नवरा शांतपणे म्हणाला, "मग नको जाऊस." तिथेच ठरलं. मला कुणी 'नको जाऊस' म्हटलं की माझी बॅग आपोआप भरली जाते.

खर्चाचं सांगते. राहणं, खाणं आणि नाशकातलं फिरणं धरून माणशी साडेआठ हजार. नाशिकपर्यंत आपलं आपण यायचं. मी पुण्यात वाकडेवाडीहून सकाळी सहाची एसटी पकडली, बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तो खर्च किरकोळ. संगमनेरच्या अलीकडे घाटात जरा रेंगाळली, तरी बाराच्या आत पोचवलं. नवरात्राचे दिवस होते, पाऊस नुकताच आटोपलेला, दोन्ही बाजूंना नुसतं हिरवंगार. खिडकीची जागा पकडा, एवढंच सांगेन.

स्टँडवर ती उभी होती. शेहेचाळीस वर्षांची, उंच, उन्हाने तांबूस झालेली, खादीचा कुर्ता, पायात रबरी चपला. "नमस्कार, मी ओदील. तुम्ही नीताताई. प्रवासात त्रास झाला नाही ना? तथापि, आधी हातपाय धुऊन घ्या. स्वच्छ जागा मागच्या बाजूला आहे, पुढची नको."

तथापि! मी गेल्या दहा वर्षांत हा शब्द तोंडाने उच्चारलेला नाही. पुढे कळलं, ती सातपूरला एका निवृत्त शिक्षिकेकडे भाड्याने राहते. वंदना मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखालच्या टेबलावर ओदीलने रोज दहा ओळी शुद्धलेखन काढायचं. सहा वर्षं चाललंय. सुट्टी फक्त चौदा एप्रिलला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पंचवटी, पायी. देवळं मला पाठ आहेत. पण तिने आम्हाला आधी भाजीबाजारात नेलं आणि सांगितलं, "प्रत्येकाने अशी एक भाजी घ्यायची, जी तुमच्या घरी कधी शिजली नाही. कशी करायची ते विकणारीलाच विचारायचं." मी परीक्षा घ्यायला टपलेलीच. विचारलं, "काय हो, गोदावरीला इथे गंगा का म्हणतात?" मला वाटलं, आता पाठ केलेलं भाषण येणार. ती म्हणाली, "मला नीट माहीत नाही. यांना विचारू या." आणि समोरच्या भाजीवाल्या आजींनाच विचारलं. आजी मेथीवर पाणी मारत म्हणाल्या, "आमी जन्मल्यापासून गंगाच म्हनतो. का, काय अडचन हाय का?" सगळे हसले. मी पण हसले, पण जरा उशिरा.

ग्रुपमध्ये चिंचवडचे शिंदेकाका आणि काकू होते. काका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, घड्याळाचे पक्के. त्यांना मधुमेह. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मॅडम, मला एक वाजता ताट समोर लागतं. एक म्हणजे एक." ओदीलने वहीत लिहून घेतलं. ती वही मी नंतर पाहिली. तिच्यात तिने नाशिकभरची बायकांची स्वच्छतागृहं लिहून ठेवली आहेत, कुठलं स्वच्छ, कुठे कडी नाही, कुठे पाणी नाही, यासकट. बायांनो, ही एक गोष्ट साडेआठ हजार रुपये वसूल करते.

दुसऱ्या दिवशी इगतपुरी. स्टेशनबाहेर गरम वडापाव खाल्ला आणि भावली धरणाकडे निघालो. भात पिवळा पडायला लागला होता, डोंगरांवरून अजून पाण्याच्या बारीक धारा लोंबत होत्या. धरणाच्या कडेला सतरंजी टाकून बसलो तेव्हा काकूंनी सरळ विचारलं, "तू इथं कशी गं आलीस? घरचे ओरडत नाहीत?"

मग तिने सांगितलं. आई रेल्वेत तिकीट खिडकीवर. एकोणिसाव्या वर्षी ही एका बर्फाळ डोंगरातल्या हॉटेलात पलंग आवरायला गेली. एका सीझनसाठी म्हणून गेली ती घरी राहायला परतलीच नाही. ट्युनिशियात रिसेप्शनवर चार वर्षं, ग्रीसच्या एका बेटावर दोन उन्हाळे, मग जहाजावर, मग व्हिएतनाममध्ये फ्रेंच पाहुण्यांना फिरवायचं काम. नाशिकला आली ती एका द्राक्षबागेच्या गेस्टहाऊसमधल्या पोरापोरींना आदरातिथ्य शिकवायला. आणि गंमत म्हणजे वाइन पीत नाही! डोकं दुखतं म्हणे. वर्षभराचं ते काम संपलं, ती राहिली. आता एका पर्यटन कंपनीत फ्रेंच ग्रुप सांभाळते.

"सव्वीस वर्षं मी पाहुण्यांना दुसऱ्यांचं गाव दाखवलं," ती म्हणाली. "गावातले लोक मागे उभे, चहा देणारे, फोटोतले. त्या लोकांना सोबत घेऊन मी कधीच फिरले नाही. मला ते करायचं आहे. साहेब म्हणतात, आपले लोक परदेशी बाईच्या मागे कशाला फिरतील? ही एक टूर करून बघ. एक जरी तक्रार आली, तर डिसेंबरपासून तू गोव्याला, हॉटेलच्या काउंटरवर."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? जाईन. काउंटर मला येतं. पण मला जायचं नाही, नीताताई. मला इथंच राहायचं आहे." असं म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि तिने ते अजिबात लपवले नाहीत. चुका टिपायची माझी यादी तोवर मोबाइलमध्ये होती. हॉटेलच्या उशा कडक, पोहे गार, एवढंच निघालं होतं त्यात.

तिसरा दिवस रविवार. सकाळी सातपूरला मिसळ. पहिल्या पाळीची माणसं मोटरसायकली लावून घाईघाईने खात होती, त्यांच्या शेजारी आम्ही बाकांवर. नाशिकची मिसळ पुण्याच्या मिसळीपेक्षा चांगली, पुणेकर मला माफ करणार नाहीत, पण लिहिते. सोबत पापड, दही आणि जिलबी. नव्वद रुपये.

दुपारचं जेवण गिरणारे रस्त्याला, बाळूभाऊ आणि मालनताईंच्या मळ्यात. ओदील त्यांच्याकडे वर्षभर अधूनमधून स्कूटरवरून चहाला जाते. आम्ही पावणेएकला पोचलो. नुसता झेंडू! पिवळा आणि केशरी, नजर पोचेल तिथवर. आणि त्यात डोकी खाली घालून माणसं. चूल पेटलेली नाही, ताटं नाहीत, काही नाही. मालनताई कमरेला ओटी बांधलेल्या तशाच धावत आल्या.

"अगं बया! ओदीताय, तू आज? आनि एवढी मानसं?"

ओदील गोंधळली. "बाळूभाऊ म्हणाले होते ना, सगळ्यांना घेऊन जेवायला या. मी गुरुवारी फोनपण केला. रविवारी येते, असं मी म्हणाले. ते म्हणाले, याच."

बाळूभाऊ डोकं खाजवत उभे. "म्हनलो व्हतो... म्हंजी, आपन म्हनतोच की वं. मला वाटलं, तू एकली येशील च्याला. परवा दसरा हाय, तीन वाजता टेम्पो येनार, दोन बाया आल्या नायत आज. ह्ये बघ, निम्मं रान तसंच हाय."

मला क्षणात सगळं कळलं. ही चूक तिची नव्हतीच. ही आपली चूक, आपण सगळे रोज करतो ती. 'कधीही या, जेवायलाच या, सगळ्यांना घेऊन या.' समोरचाही हसून 'हो, येऊ की' म्हणतो आणि कुणी जात नाही. वंदना मॅडमनी तिला तथापि शिकवलं, हे शिकवायचं राहिलं. आणि ही साधी बाई, तिने आपलं बोलणं खरं मानून सहलीच्या कार्यक्रमात टाईप करून टाकलं!

काकांनी घड्याळ पाहिलं. एक वाजायला दहा मिनिटं.

ओदीलचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज हलला नाही. "चूक माझी आहे. मी किती जण ते सांगायला हवं होतं. हॉटेल पाऊण तासावर आहे, तिथे जाऊ या. तथापि, काका थांबू शकत नाहीत." तिने पिशवीतून केळी आणि बिस्किटं काढून काकांपुढे धरली. मालनताईंनी तो हात सरळ बाजूला सारला. "बिस्कुट खात्यात व्हय जेवायच्या टायमाला? माझ्या दारात?" आत जाऊन त्यांनी सकाळच्या दोन भाकऱ्या, ठेचा आणि वाटीभर दही आणून काकांना ओट्यावर बसवलं. घड्याळात बरोब्बर एक. काका काही बोलायच्या आत पहिला घास पोटात गेला होता.

आणि मग शिंदेकाकूंनी पदर खोचला. "पिठाचा डबा कुठंय? मालन, तू फुलं तोड, मी भाकऱ्या थापते. आमच्यातल्या दोघी या गं मदतीला." ओदीलने एक क्रेट उचलला आणि सरीत शिरली. मी तिच्या मागून. म्हटलं ना, मी चुका काढायला आले होते, फुलं काढायला नव्हे! पण काय करणार, पाय आपोआप चालायला लागले.

मालनताईंनी एकदाच दाखवलं. "जरा देठ राहू द्या, नायतर पाकळ्या सुटत्यात. ओरबाडू नका." दोन तास आम्ही सात-आठ जण वाकून तोडत होतो. कंबर मोडली, नखं हिरवी झाली, कपाळावरून घाम डोळ्यांत. पुण्यात कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी घालायचा मला कंटाळा येतो. पण टेम्पोचा हॉर्न ऐकला तेव्हा मी ओरडले, "अहो थांबा, अजून दोन क्रेट!" जसा काही मळा माझ्या बापाचा! जेवून ताजेतवाने झालेले काका तोवर क्रेट मोजून लावायला उभे राहिले होते, अगदी कारखान्यातल्यासारखे. "हा आडवा नको! फुलं दबतात!" टेम्पोवाला निमूट ऐकत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी टेम्पो भरून निघाला. सगळं रान तोडून झालेलं. बाळूभाऊंनी नुसते हात जोडले. ओदील बांधावर उभी राहून दोन्ही मुठी वर करून किंचाळली, फ्रेंचमध्ये काहीतरी, आणि आम्ही सगळ्यांनी मराठीत टाळ्या पिटल्या. मग पिठलं, भाकरी, कांदा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. होय, चार.

तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. तिने तो सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला आणि स्वतःच सांगितलं, "सर, जेवण ठरल्याप्रमाणे झालं नाही. पाहुण्यांना अडीच तास उशीर झाला, शेतात काम करावं लागलं. चूक माझी." मी कपाळावर हात मारला. कुणी सांगितलं होतं इतकं खरं बोलायला?

"तक्रार आहे का कुणाची?" पलीकडून आवाज.

काकांनी फोन हातात घेतला. "आहे. शिंदे बोलतोय. मला टेम्पोतून मार्केटपर्यंत जायचं होतं, या बाईने बसू दिलं नाही. औषधाची वेळ होईल म्हणाली. तेवढं पुढच्या टूरला बघा. आम्ही दोघं परत येणार आहोत."

पलीकडे साहेब हसले. "ओदील, नोव्हेंबरच्या तारखा काढ." तिने काकूंना घट्ट मिठी मारली, काकूंच्या हाताचं पीठ तिच्या कुर्त्यावर उमटलं, आणि आम्ही बायका रडलो. आनंदाने रडलो, यात लाजायचं काय?

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी हलायच्या आधी सवयीने तोंडातून गेलंच, "पुण्याला या हं कधीतरी, घरी जेवायला."

ती खिडकीखाली उभी. हसली. "खरं, की आपन म्हनतोच की वं?" हुबेहूब बाळूभाऊंच्या सुरात.

पन्नास वर्षांत हे वाक्य मी किती जणांना म्हटलं असेन, आणि एकालाही तारीख सांगितली नसेल. "खरं," मी म्हटलं. "दिवाळी झाली की दुसरा शनिवार. साडेबारा वाजता."

घरी येऊन आठवडा झाला. मोबाइलमधली चुकांची यादी पुसून टाकली. नोव्हेंबरची टूर पाच दिवसांत भरली, गोव्याचं नावही कुणी काढत नाही. मळ्यातलं जेवण आता नीट ठरवून होणार आहे, माणसं आणि पैसे मालनताई स्वतः सांगणार. आणि मी काल त्यांनाच फोन लावला, म्हटलं, त्या शनिवारी ओदीलबरोबर तुम्ही दोघांनीही यायचं. त्यांनी अजून पुणं पाहिलेलं नाही. मालनताई हळूच म्हणाल्या, "खरंच का वं ताई?"

"खरंच," मी म्हटलं. "किती भाकऱ्या खाता, तेवढं आत्ताच सांगून ठेवा."