बहरीनचा ठिपका
परवा घरी रंगाऱ्यानं टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि मला समुद्रपूरजवळच्या शाळेची भिंत आठवली. मी तिथं नवा मास्तर होतो. दिवाळीच्या सुट्टीत सगळे आपापल्या घरी गेले, मला जायला घर नव्हतं, म्हणून एकटाच भिंतीवर जगाचा नकाशा रंगवत बसलो. शेजारचे दोन देश एकाच रंगाचे होऊ नयेत म्हणून सारखं थांबून रंग ठरवावा लागे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गावातल्या मावशी सुट्टीतही रोज घरून चहा आणून देत. एकदा त्यांनी विचारलं, “सर, माहा पोरगा बहरीनले कामाले गेला, ते कुठी येते?” मी आगकाडीच्या टोकानं समुद्रात लाल ठिपका दिला. “एवढ्याशा जागेत राह्यते कसा तो?” म्हणत त्या कितीतरी वेळ तिथंच उभ्या राहिल्या. सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, “पुस्तकातल्या नकाशात हा डाग नाही. तपासणी आहे, मिटवा.” ठिपका बरोबर जागी होता हे मला ठाऊक होतं, तरी मी मुकाट्यानं त्यावर निळा रंग फिरवला. मावशी दारातून पाहत होत्या. “काऊन मिटवलं सर?” एवढंच म्हणाल्या. मी टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुवायला लागलो. दुसऱ्या दिवसापासून चहा आला नाही. गावात माझी विचारपूस करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पुढं मी तिथं आणखी तीन वर्षं काढली, माझ्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नव्हतं. आज वाटतं, तो एकटेपणा मीच ओढवून घेतला होता.